वेबसाइट घडविणाऱ्या तरुणांची सहकारी संस्था : स्वरूप आणि हिशेब

व्यापार म्हटला की गादी, तराजू, गुदाम आणि रोजमेळ ही चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याच घरांतील पुष्कळ मुलामुलींनी असा एक व्यवसाय पत्करला आहे की, ज्याचा माल गाडीवर चढत नाही आणि गुदामात उतरत नाही. ही मुले दुकानांच्या, शाळांच्या, रुग्णालयांच्या व परदेशी पेढ्यांच्या वेबसाइट तयार करतात, त्या चालू ठेवतात आणि बिघडल्या म्हणजे दुरुस्त करतात. त्यांतील काही मोठ्या कंपन्यांत नोकरीस आहेत. परंतु बेळगाव, इंदूर, वडोदरा, मडगाव अशा आपल्या गावीच राहून, कोणाची चाकरी न पत्करता, एकेक काम अंगावर घेणारेही थोडे नाहीत. त्यांना फ्रीलान्सर म्हणतात. दुसरा सोयीस्कर शब्द रूढ नसल्याने आम्हीही येथे तोच वापरू.

या फ्रीलान्सरचे जीवन बाहेरून मोठे मोकळे दिसते. वस्तुतः तो एकाच वेळी मालक, कारागीर, मुनीम आणि वसुली कारकून असतो. दोन महिने काम ओसंडून वाहते, तिसऱ्या महिन्यात एकही मागणी येत नाही. तापाने आठ दिवस अंथरुणास खिळला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. मोठे काम चालून आले तर ते एकट्याच्या आवाक्याबाहेरचे म्हणून सोडावे लागते, अथवा एखाद्या मध्यस्थ कंपनीकडून तुकड्यातुकड्याने घ्यावे लागते. आणि मधली अडत किती कापली गेली हे त्याला कधीच कळत नाही. तयार झालेले काम गिऱ्हाइकाने नापसंत म्हणून परत केले तर त्याची अवस्था आणखी कठीण होते. आपला जांगड माल परत आला तर तो दुसऱ्यास विकता येतो. एका दुकानासाठी बेतलेली वेबसाइट दुसऱ्या दुकानास चालत नाही.

अशा आठ-दहा जणांनी एकत्र येऊन स्वतःची सहकारी संस्था काढावी, ही कल्पना अलीकडे तरुणांच्या बोलण्यात वारंवार येते. घरातील वडीलधाऱ्यांना ती कधी पोरकट वाटते, तर कधी भागीदारीचेच दुसरे नाव वाटते. आमच्या मते ती यांपैकी काहीही नाही. अशी संस्था निघू शकते व टिकू शकते. मात्र ती भांडवलाच्या बळावर टिकत नाही. कामाचे तास कसे मोजावयाचे, रिकाम्या महिन्यात सभासदाने काय खावयाचे आणि सोडून जाणाऱ्याने सोबत काय न्यावयाचे, हे पहिले काम घेण्यापूर्वीच कागदावर उतरले असेल तरच ती टिकते. हा लेख मुख्यतः त्या कागदाविषयी आहे.

श्रमाचा सहकार

सहकार हा आपल्या मुलखाला परका नाही. वडोदऱ्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४ साली आला, आणि पुढच्याच वर्षी सांप्रतच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ या खेड्यात त्या कायद्याखालील पतसंस्था सुरू झाली. नगर जिल्ह्यातील प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० सालचा. परंतु या संस्थांत सभासदांनी पैसा एकत्र केला किंवा ऊस एकत्र केला. फ्रीलान्सरजवळ एकत्र करण्याजोगे आहे ते केवळ स्वतःचे कसब आणि दिवसाचे तास. म्हणून त्यांना नमुना हवा असेल तर तो श्रमाच्या सहकारात शोधला पाहिजे.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण केरळात आहे. वडकरा गावाजवळील ऊरालुंगल येथे समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या अनुयायांना, चळवळीत भाग घेतला म्हणून, काम मिळेनासे झाले. तेव्हा १९२५ साली अवघ्या १४ जणांनी मजुरांची एक सहकारी संस्था काढली. तिने रस्ते बांधले, पूल बांधले, आणि आज ती हजारो लोकांना काम देते. आपल्या विषयाच्या दृष्टीने मौजेची गोष्ट ही की, खडी फोडण्यापासून आरंभ केलेल्या याच संस्थेने कोळिकोड येथे संगणक व्यवसायासाठी सायबरपार्क उभारला व सॉफ्टवेअरच्या कामातही प्रवेश केला. दुसरे उदाहरण आपल्या भगिनींना पाठ असेल. मुंबईच्या गिरगावात १९५९ साली सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचे काम सुरू केले. कायद्याच्या भाषेत ती सहकारी संस्था नव्हे, १९६६ साली तिची नोंदणी सोसायटी म्हणून झाली. पण जी पापड लाटते तीच मालकीण, हे तिचे सूत्र पूर्णपणे सहकाराचे आहे.

परदेशांत वेबसाइट व सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांनी हाच मार्ग धरलेला दिसतो. ब्रिटनमध्ये अशा लहानलहान सहकारी संस्थांनी २०१६ साली ‘कोटेक’ नावाचे जाळे विणले. एकीला न झेपणारे काम दोघी-तिघींनी मिळून घ्यावे हा त्याचा एक हेतू. अर्जेंटिनात तर तंत्रज्ञान क्षेत्रातील श्रमिक सहकारी संस्थांचा ‘फाक्टिक’ हा स्वतंत्र महासंघच आहे. स्पेनच्या वायव्य टोकास आ कोरुन्या शहरी २००१ साली निघालेली ‘इगालिया’ ही पेढी, आपण ज्यातून वेबसाइट पाहतो त्या ब्राउझरच्या अंतर्भागाचे काम करते आणि त्या विद्येत जगभर मानली जाते. तेथे काम करणारेच मालक असतात. नवा माणूस काही काळ काम केल्यानंतर मालकांत सामील होतो, आणि मोठे निर्णय सर्वांच्या सभेत होतात. मात्र कायद्याने ती मर्यादित कंपनीच आहे. म्हणजे वागणूक सहकाराची आणि नोंदणी दुसऱ्या कायद्याची, असेही होऊ शकते. आपल्याकडील मुलांना याचा उपयोग कसा होतो ते पुढे येईलच.

भागीदारीहून वेगळेपण

आपल्याला भागीदारी हाडीमाशी खिळलेली आहे. १९३२ च्या कायद्याप्रमाणे भागीदारी पेढीच्या कर्जास प्रत्येक भागीदार आपल्या घरादारासह बांधलेला असतो. ज्याचे भांडवल अधिक त्याचा शब्द अधिक, असा बहुधा रिवाज असतो. आणि भागीदार निघाला म्हणजे नावलौकिकाची किंमत धरून त्याचा हिस्सा काढून द्यावा लागतो. सहकारी संस्थेत या तिन्ही बाबतीत उलटा प्रकार आहे. सभासदाचे दायित्व सामान्यतः त्याच्या भागांपुरते मर्यादित असते. भाग कितीही घेतले तरी मत एकच. आणि बाहेर पडताना भागांपोटी भरलेल्या रकमेहून अधिक काही मिळत नाही. संस्थेचा नावलौकिक, तिची गंगाजळी, तिची गिऱ्हाइके ही मागे राहणाऱ्यांची.

व्यापारी मनाला ही शेवटची अट मोठी जाचक वाटते. दहा वर्षे झिजून उभा केलेला धंदा तसाच सोडून जायचे? परंतु वेबसाइटच्या धंद्यात तरुण माणसे वरचेवर येतात-जातात. कोणी लग्न होऊन दुसऱ्या गावी जाते, कोणास पुण्या-बंगळुरात मोठी नोकरी मिळते. दर वेळी नावलौकिकाची किंमत काढून रोख द्यावयाची ठरली तर तिसऱ्या माणसाच्या निरोपाबरोबर पेढी बुडेल. यास्तव ही अट येथे अन्यायाची नसून संरक्षणाची आहे, असे आमचे मत आहे. जाणाऱ्याने कमावले ते त्याने दर महिन्याच्या मोबदल्यात घेतलेलेच असते.

आता कायदा. सहकार हा राज्यांचा विषय असल्याने आपण राहतो तेथला कायदा पाहावा लागतो. महाराष्ट्रात १९६० चा अधिनियम, कर्नाटकात १९५९ चा आणि त्याखेरीज १९९७ चा सौहार्द कायदा, मध्य प्रदेशात १९६० चा, गुजरातेत १९६१ चा, तेलंगणात १९६४ चा व परस्पर साहाय्याचा १९९५ चा, गोव्यात २००१ चा. त्यांच्या अटी एकसारख्या नाहीत. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या निबंधक कार्यालयात जाऊन नियमांची प्रत व आदर्श उपविधी मिळवावेत. नमुन्यादाखल महाराष्ट्राचा कायदा घेऊ. तेथे नोंदणीस किमान दहा प्रवर्तक लागतात, आणि प्रत्येक जण निरनिराळ्या कुटुंबातील असावा लागतो. आपल्या एखाद्या एकत्र कुटुंबातच दहा माणसे सहज निघतील, पण कायद्याला ते चालत नाही! दर वर्षीच्या निव्वळ नफ्यापैकी किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि भागांवरील लाभांश शेकडा १५ हून अधिक देता येत नाही.

सीमाभागातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बेळगावातील पाच मुले आणि कोल्हापुरातील पाच मुले मिळून काम करीत असतील, तर त्यांची संस्था दोन राज्यांची ठरते. अशा संस्थेस २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था अधिनियम लागू होतो, आणि तेथे प्रत्येक राज्यातून किमान पन्नास व्यक्तींच्या सह्या लागतात. निपाणी आणि कागल यांच्यामधले अंतर बसने फार तर अर्ध्या-पाऊण तासाचे. कायद्याच्या दृष्टीने मात्र शंभर माणसांचे.

मग तीन-चार मित्रांनी काय करावे? उत्पादक कंपनीचा मार्ग काही जण सुचवितात. पण तो शेतमाल, हातमाग, हस्तकला अशा उत्पादकांसाठी आहे, या धंद्यास लागत नाही. खरा पर्याय २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्वाच्या भागीदारीचा, म्हणजे एलएलपीचा. तीस दोन भागीदार पुरतात आणि राज्याची सीमा आड येत नाही. विशेष म्हणजे भागीदारांनी वेगळा करार केला नसेल, तर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे प्रत्येक भागीदारास एकच मत मिळते व नफा समान वाटला जातो. म्हणजे मूळ पाया सहकाराच्या जवळचाच आहे. मात्र त्याच परिशिष्टात, धंद्याच्या कामाबद्दल भागीदारास मोबदला मिळणार नाही, असेही कलम आहे. श्रमावर चालणाऱ्या पेढीस ते मारक होईल. म्हणून तासांप्रमाणे मोबदला द्यावयाचा, हे करारात स्पष्ट लिहिले पाहिजे. करार नोंदणीपासून तीस दिवसांत दाखल करावा लागतो. घाईघाईने बाजारातला छापील मसुदा भरून देण्याची आपल्याकडील खोड येथे महागात पडते. स्पेनच्या पेढीने जे केले ते एलएलपीतही करता येते : नोंदणी कोणत्याही कायद्याची असो, नियम सहकाराचे. पुढे निरनिराळ्या कुटुंबांतील दहा माणसे जमली म्हणजे संस्थेची नोंदणी करून काम तिच्याकडे सोपविता येईल.

तासांचा हिशेब

येथे आम्ही जरा थांबणार आहोत, कारण अशा संस्थांमधील बेबनावाचे मूळ बहुधा येथेच असते.

समजा, एका शाळेचे तीन लक्ष रुपयांचे काम आले. त्यावरील शेकडा १८ प्रमाणे ५४,००० रुपये वस्तू व सेवा कराचे. ते सरकारचे, त्यांस हात लावावयाचा नाही. तीन लाखांपैकी शेकडा १५, म्हणजे ४५,००० रुपये, संस्थेने ठेवून घेतले. उरले २,५५,०००. तिघांनी मिळून ३४० तास काम केले असेल तर ताशी ७५० रुपये पडतात. १६० तास काम करणाऱ्यास १,२०,०००, ११० तासांच्या धन्यास ८२,५०० आणि ७० तासांवाल्यास ५२,५०० रुपये मिळाले. हिशेब चोख जुळला.

जुळला खरा, पण न लिहिलेल्या तासांचे काय? शाळेच्या मुख्याध्यापकांकडे चार खेपा कोणी घातल्या? दरपत्रक कोणी तयार केले? मध्यरात्री सर्व्हर बंद पडला तेव्हा कोण उठले? नवशिक्या सभासदाने लिहिलेले चुकीचे कोड कोणी निस्तरले, आणि त्याला शिकविण्यात किती संध्याकाळी गेल्या? पाच कामे मिळण्यासाठी वीस दरपत्रके लिहावी लागतात. त्यांतील पंधरा वाया गेलेल्यांचा मोबदला कोणत्या कामावर घालावयाचा? आपल्या पेढीवर या गोष्टी पगारी माणसे करतात म्हणून त्यांचा खर्च दिसतो. येथे त्या सभासदच करतात, बहुधा एकदोघे स्वभावाने कामसू असलेलेच करतात, आणि वर्षअखेरीस तेच सर्वांत आधी कंटाळून निघून जातात.

यावर उपाय एकच दिसतो : असे तासही वहीत लिहावयाचे, आणि त्यांचा दर गिऱ्हाइकाच्या कामाइतकाच ठेवावयाचा. तो खर्च संस्थेच्या शेकडा १५ मधून निघतो. म्हणूनच तो टक्का पाच ठेवला तर संस्था भुकेली राहते. गिऱ्हाईक आणणाऱ्यास वेगळी दलाली द्यावी काय, हा प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात आलाच असेल. आम्ही ती देऊ नये असे म्हणू. दलाली ठेवली की जो तो नवे गिऱ्हाईक शोधण्यामागे लागतो व जुन्यांच्या वेबसाइट सांभाळण्यास कोणी उरत नाही. आणि या धंद्यात जुने गिऱ्हाईकच संस्थेला जगविते. गिऱ्हाईक आणण्यात गेलेले तास तासांप्रमाणेच मोजावेत.

सर्वांचा दर एकच असावा की कसबाप्रमाणे कमीअधिक, यावर एकमत होणे कठीण. आरंभी दोनच पायऱ्या ठेवाव्यात, शिकाऊ आणि पुरा सभासद, आणि एकीवरून दुसरीवर किती महिन्यांनी जावयाचे ते तारखेने ठरवावे. चार-पाच पायऱ्या केल्या की प्रत्येक सभा पायऱ्यांच्या भांडणात जाते.

हिशेबाची एक बारीक बाब व्यापारी वाचकांच्या लगेच ध्यानात येईल. सभासदास तासांबद्दल दिलेली रक्कम हा संस्थेचा खर्च आहे, नफा नव्हे. तो वजा जाऊन वर्षअखेर जे उरेल तो नफा. राखीव निधीचा चौथा हिस्सा त्यातून काढावयाचा. ज्यांना हे समजत नाही ते नफ्याच्या आशेने वर्षभर कमी दर घेतात आणि मार्चमध्ये हिरमुसतात.

रिकामा महिना

संस्थेत येण्याचे सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे काम नसलेल्या महिन्यातही काहीतरी हाती पडेल हा भरवसा. हा भरवसा उदारपणे देण्याचा मोह होतो. आकडे मांडून पाहू. शेकडा १५ पैकी एक तृतीयांश या निधीत टाकला, तर तीन लाखांच्या कामामागे १५,००० रुपये साठतात. दहा सभासदांना मंदीत दोन महिने दरमहा २०,००० रुपये द्यावयाचे म्हटले तर चार लक्ष रुपये हवेत; म्हणजे सुमारे २७ कामे, ऐंशी लाखांचा धंदा. नव्या संस्थेला हे साधावयास वर्षाहून अधिक काळ लागेल. उलट, एका वेळी तिघेच रिकामे असतील असे धरले तर १,२०,००० रुपये पुरतात, आणि ते आठ कामांत जमतात.

यावरून नियम कसा करावा ते दिसते. पहिल्या वर्षी काही द्यावयाचे नाही, केवळ साठवावयाचे. दुसऱ्या वर्षापासून एका वेळी तीनहून अधिक जणांना नाही. आणि रिकाम्या सभासदाने त्या महिन्यात संस्थेचे घरचे काम, म्हणजे जुन्या वेबसाइटची डागडुजी किंवा शिकाऊंचे शिक्षण, करावयाचे. सर्वांचे काम एकाच वेळी आटले तर निधी सर्वांत सारखा वाटावा, आणि तो संपला की संपला, असे स्पष्ट लिहावे. पाळता न येणारे वचन देण्यापेक्षा लहान वचन बरे, हे आपल्या बाजारात कोणास सांगावयास नको.

कोड कोणाचे?

माल दिसत नसला तरी त्याची मालकी असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रॅमचा समावेश साहित्यकृतींत झाला. नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला धनी त्याचा मालक; परंतु स्वतंत्र कारागिराने लिहिलेल्याचा धनी, उलट करार नसेल तर, तो कारागीरच. सहकारी संस्थेचा सभासद या दोहोंच्या मध्ये उभा असतो. त्याने लिहिलेले कोड त्याचे, संस्थेचे की गिऱ्हाइकाचे, हा वाद बहुधा सभासद संस्था सोडतो त्याच दिवशी उपस्थित होतो.

म्हणून दोन लेखी हस्तांतरे हवीत : सभासदाकडून संस्थेकडे प्रवेशाच्या वेळीच, आणि संस्थेकडून गिऱ्हाइकाकडे पूर्ण रक्कम मिळाल्यावर. तोंडी हस्तांतर कायद्यास मान्य नाही. लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे समजली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत समजला जातो. लंडनच्या किंवा दुबईच्या गिऱ्हाइकास असा अर्धवट कागद दिला तर तो संस्थेशी पुन्हा व्यवहार करणार नाही. मात्र वारंवार उपयोगी पडणारी स्वतःची अवजारे संस्थेने विकून टाकू नयेत. गिऱ्हाइकास ती वापरण्याची केवळ परवानगी द्यावी. सुतार कपाट विकतो, रंधा विकत नाही. तद्वतच वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, गिऱ्हाइकाच्याच नावे नोंदवावे, आणि सर्व परवलीचे शब्द संस्थेच्या ताब्यात असावेत, कोणा एका सभासदाच्या खिशात नव्हेत.

कर आणि वसुली

एकत्र येण्याचा एक तोटाही सांगितला पाहिजे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल आपल्या या राज्यांत वीस लाखांच्या आत असेल तर वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः लागत नाही. एकेकटे फ्रीलान्सर पुष्कळदा या मर्यादेखाली राहतात. पण दहा जणांची संस्था ती पहिल्याच वर्षी ओलांडते. मग ज्या लहान दुकानदाराची स्वतःची नोंदणी नाही, त्याला तीच वेबसाइट शेकडा १८ ने महाग पडते. परदेशी कामास ही अडचण नाही. निर्यातीच्या सेवेवर शून्य दर असून हमीपत्र भरून दिले की कर न भरता बिल करता येते. म्हणून गावातील किरकोळ कामांवर जगणाऱ्या गटाने संस्थेची घाई करू नये, आणि मोठ्या अथवा बाहेरच्या कामांवर जगणाऱ्याने उशीर करू नये.

वसुलीच्या बाबतीत संस्थेचा फायदा निर्विवाद आहे. एकट्या मुलाला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणे सोपे असते; संस्थेच्या छापील बिलास व नोंदणी क्रमांकास निराळे वजन येते. विसार घेतल्यावाचून काम सुरू करावयाचे नाही, हा ठराव सभेत झालेला असला की सभासदास संकोच उरत नाही. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे, २००६ च्या कायद्याप्रमाणे, करार असला तरी फार तर ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने अशी तरतूद आणली की, मुदतीत न चुकविलेली ही रक्कम खरेदीदारास आयकरात प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखविता येत नाही.

हा खरेदीदार कोण, याचा विचार वाचकांनी स्वतःशी करून पाहावा. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानांच्या वेबसाइट आपल्याच ओळखीच्या मुलांनी केलेल्या आहेत, आणि घरचाच मुलगा म्हणून त्यांची बिले दिवाळीवरून गुढीपाडव्यावर गेलेली आहेत. घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना २०२१ साली उद्यम नोंदणी खुली झाली, तरी त्यांना तिचा लाभ बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच मिळतो. उशिराच्या पैशांवरील हे व्याज आपल्याला मागता येत नाही. द्यावे मात्र लागते.

वडीलधाऱ्यांचे भांडवल

शेवटी आपल्या मदतीचा प्रश्न. मुलगा संस्था काढतो म्हटल्यावर पाच लाख रुपये पुढे करावेत आणि दोन खुर्च्या अडवाव्यात, ही आपली स्वाभाविक रीत. या संस्थेत ती चालावयाची नाही. तिला यंत्रसामग्री अशी फार थोडी लागते. संगणक बहुतेकांजवळ असतात. बाहेरच्याचे मत आत आले की तासांची वही बाजूस पडते आणि भांडवलाचे बोलणे सुरू होते. मतदानाचा हक्क फक्त काम करणाऱ्या सभासदांनाच असावा, असे उपविधीत लिहून घ्यावे. आयकराच्या कायद्यात सभासदांच्या श्रमाचा सामुदायिक विनियोग करणाऱ्या संस्थांना जी सवलत आहे, तिच्यातही मतदानाच्या हक्कावर अशाच स्वरूपाचे बंधन आहे. ती सवलत वेबसाइटच्या कामास लागेल की नाही, ते सनदी लेखापालास विचारून ठरवावे.

महाराष्ट्राच्या कायद्यात नाममात्र सभासदाची सोय आहे. त्यास मत नसते. ज्यांना संस्थेशी संबंध ठेवावयाचा आहे त्यांनी तो मार्ग घ्यावा. पैसे द्यावयाचेच असतील तर उपविधीत बसेल त्या मर्यादेत, व्याजाचा दर व परतीची तारीख लिहून, कर्ज म्हणून द्यावेत. आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या दुकानावर माडीची एखादी खोली रिकामी पडलेली असते. ती संस्थेला द्यावी, वाजवी भाडे घ्यावे, आणि दरमहा पावती फाडावी; पहिल्या वर्षीच्या लेखापरीक्षणात ती पावती त्यांच्या उपयोगी पडेल.